पक्ष्यांचा संसार आणि माणसाचे वचन

विवाहाच्या मिस्सेतील प्रवचनात पक्ष्यांचे उदाहरण देण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. काडी काडी जमवून घरटे बांधणारे जोडपे, पिलांच्या चोचीत आळीपाळीने घास भरवणारे आईबाप, जोडीदाराच्या विरहाने रात्रभर व्याकूळ होणारा चक्रवाक, ही चित्रे मराठी मनाच्या ओळखीची आहेत. जी निष्ठा मुक्या पाखरांना जमते ती आपल्यासारख्या बुद्धिवंतांना का जमू नये, असा त्या उदाहरणाचा रोख असतो. अलीकडे याच पक्ष्यांना विरुद्ध बाजूनेही साक्षीला बोलावले जाते. दूरदर्शनवरील निसर्गपट पाहून वाढलेला तरुण विचारतो, 'आजन्म एकनिष्ठा निसर्गात कुठे आहे? मग ती माणसावरच का लादायची?' आणि संसारातून पाय काढून घेतलेला एखादा गृहस्थही 'शेवटी हा निसर्गच आहे' असे म्हणून मोकळा होतो.

हे दोन पक्ष एकमेकांविरुद्ध बोलतात. तरीही दोघांचे एक गृहीत समान आहे, ते असे की पक्षी कसा वागतो यावरून माणसाने कसे वागावे हे ठरते. हे गृहीत खरे आहे काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचा विचार करण्यासाठी प्रथम पक्षी खरोखर कसे वागतात ते पाहिले पाहिजे.

आरंभ सुगरणीपासून करू. पावसाळ्यात पुण्याबाहेर पडले की शेताच्या बांधावरील बाभळीला किंवा विहिरीवर झुकलेल्या फांदीला या पक्ष्याची घरटी लोंबताना दिसतात. एकाच झाडावर अनेक घरटी असतात, म्हणून याला वसाहतीने राहणारा पक्षी म्हणतात. मराठीने त्याला स्त्रीलिंगी नाव दिले. स्वयंपाकात आणि घरकामात निपुण असलेल्या गृहिणीला आपण सुगरण म्हणतो, तेच हे नाव. बहिणाबाई चौधरींच्या खोप्यावरील कवितेतही पिलांसाठी घर बांधते ती आईच. प्रत्यक्षात मात्र ते अद्भुत विणकाम नराचे असते. गवताच्या आणि भाताच्या पात्यांच्या लांब चिरफळ्या काढून, शेकडो खेपा घालून तो घरटे विणतो. संपूर्ण घरट्याला सुमारे अठरा दिवस लागतात. साधारण आठव्या दिवशी ते शिरस्त्राणाच्या आकाराचे, अर्धवट असते. त्या वेळी नर पंख फडफडवून माद्यांना साद घालतो. माद्या येतात, आत शिरतात, पाहणी करतात. पसंत पडले तर मादी तेथे राहते आणि मग नर खालची लांब नळी विणून घर पुरे करतो. पसंत न पडले तर ती निघून जाते. अलीकडच्या अभ्यासांतून असे दिसले आहे, की मादी विणकामापेक्षा जागेला अधिक महत्त्व देते. झाड काटेरी असावे, फांदी उंच आणि बारीक असावी, म्हणजे शत्रू पोहोचणार नाही. फ्लॅट कोठे आहे आणि कोणाच्या नावावर आहे याची चौकशी करून मगच स्थळाला होकार देणाऱ्या वधूपित्यांना हे वाचून थोडे हसू येईल.

पुढची गोष्ट मात्र लग्नाच्या प्रवचनात सांगता येण्यासारखी नाही. मादीने अंडी घातली की नर शेजारीच दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला साद घालू लागतो. जमल्यास तिसरीलाही. अंडी उबवण्याचे सारे आणि पिलांना भरवण्याचे बहुतेक काम मादीच्या वाट्याला येते. हे प्रथम नीट पाहिले ते डॉ. सालीम अली यांनी. १९३० साली जर्मनीतील शिक्षण संपवून ते परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची जागा पैशाअभावी रद्द झाली होती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम येथे राहावयास गेले आणि त्या पावसाळ्यात घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीचे त्यांनी दिवसचे दिवस निरीक्षण केले. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. नर एकामागून एक घरटी बांधतो आणि एकामागून एक जोडीदारीण मिळवतो, ही बहुपत्नीत्वाची रीत जगाला त्यातून कळली.

कोणी म्हणेल, सुगरण हा अपवाद असेल. बगळे आणि करकोचे तर जोडीने राहतात. ते खरे आहे. पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर गेले की भिगवणच्या परिसरात भादलवाडीचा तलाव लागतो. तेथील पाण्यातल्या बाभळींवर चित्रबलाकांची मोठी वसाहत भरते. अशा वसाहतीसाठी मारुती चितमपल्ली यांनी 'सारंगागार' असा सुंदर शब्द मराठीत रूढ केला. चित्रबलाकाचे नर आणि मादी दोघे मिळून घर बांधतात, दोघे आळीपाळीने अंडी उबवतात, दोघे मासे आणून पिलांना भरवतात. रणरणत्या उन्हात पालक पक्षी घरट्यावर पंख पसरून उभा राहतो आणि त्याच्या सावलीत पिले बसून असतात. हे दृश्य पाहून ज्याचे अंतःकरण हलणार नाही असा माणूस विरळा.

परंतु ही जोडी हंगामापुरती असते. वीण संपली की तिचे कारण संपते आणि पुढच्या वर्षी नवी जुळवाजुळव होते. युरोपातील पांढरा करकोचा वर्षानुवर्षे त्याच जोडीदाराबरोबर दिसतो, म्हणून तो निष्ठेचे प्रतीक मानला गेला. अभ्यासकांना आढळले, की त्याची ओढ जोडीदारापेक्षा घरट्याकडे अधिक असते. दोघे आपापल्या परीने त्याच घरट्यावर परत येतात, म्हणून पुन्हा एकत्र येतात.

आपल्या शहरातील झाडांवर पावसाळ्यात घरटी करणारा गायबगळा तर आणखी जवळचा. गाईगुरांच्या पायांशी नाकतोडे टिपत फिरणारा हा पांढरा पक्षी विणीच्या काळात डोक्यावर, पाठीवर आणि छातीवर केशरी पिसे मिरवतो. त्याची वसाहत म्हणजे जुन्या पुण्यातला गजबजलेला वाडा. भिंतीला भिंत लागून बिऱ्हाडे, म्हणून चोराची आणि घारीची भीती कमी. पण त्याच कारणाने भांडणेही रोजची. शेजारच्या घरट्यातील काड्या पळवणे हा तेथला नित्याचा उद्योग. त्यामुळे मादी घर सांभाळते आणि नर काड्या आणायला जातो. जपानमधील एका वसाहतीचे निरीक्षण करणाऱ्या अभ्यासकांनी १९८१ मध्ये नोंदवले, की नर बाहेर गेलेला असताना शेजारचे नर त्याच्या मादीजवळ येतात. पुढे रक्ताच्या नमुन्यातील जनुकांवरून पितृत्व ओळखण्याची पद्धत निघाली आणि १९८७ मध्ये इंग्लंडमध्ये ती आपल्या घरच्या चिमणीला लावून पाहण्यात आली. घरट्यातील काही पिलांचा पिता त्यांना भरवणारा नर नव्हता. त्यानंतर शेकडो जातींचा असा तपास झाला. जोडीने राहणाऱ्या बहुसंख्य जातींत हाच प्रकार कमीअधिक प्रमाणात आढळला.

याहून कठीण गोष्ट पिलांची आहे. गायबगळ्याची मादी एकाआड एक दिवस अंडे घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच ते उबवले जाऊ लागते. त्यामुळे पिलेही एकामागून एक बाहेर येतात. सर्वांत धाकटे येते तेव्हा थोरली बरीच वाढलेली असतात. ती धाकट्याला चोचीने मारतात, घास त्याच्यापर्यंत पोहोचू देत नाहीत. अन्न कमी पडले तर ते उपाशी मरते किंवा घरट्याबाहेर ढकलले जाते. आईबाप काठावर उभे असतात. ते मध्ये पडत नाहीत. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून असे दिसले, की आधी घातलेल्या अंड्यांच्या बलकात आक्रमकता वाढवणारे संप्रेरक अधिक असते. म्हणजे थोरल्याला बळ आणि धाकट्यावर संकट, हे दोन्ही अंड्यात असतानाच ठरू लागते. वर्ष सुकाळाचे असले तर धाकटेही जगते. नसले तर त्याचा बळी देऊन बाकीची जगतात.

आता या साऱ्याचे आपण काय करायचे? एक मार्ग असा, की जे सोयीचे नाही ते सांगायचेच नाही. चित्रबलाकाची सावली दाखवायची आणि बगळ्याचे धाकटे पिलू झाकून ठेवायचे. हा मार्ग प्रामाणिक नाही, शिवाय तो टिकत नाही. आपली मुले शाळेत जीवशास्त्र शिकतात. ज्या निष्ठेचा आधार म्हणून आपण त्यांना करकोचा दाखवला, तो आधार खोटा निघाला की निष्ठाही खोटी, असे त्यांना वाटले तर दोष त्यांचा नाही. दुसरा मार्ग त्या तरुणाचा आणि त्या गृहस्थाचा, की पक्षी असे वागतात म्हणून आपणही तसे वागावे. परंतु हे म्हणणारा कोणीही ते शेवटपर्यंत नेत नाही. सुगरणीच्या नराचे स्वातंत्र्य मागणारा माणूस बगळ्याच्या घरट्यातला न्याय स्वतःच्या धाकट्या मुलाला लावायला तयार होत नाही. निसर्गातले नेमके काय उचलायचे हे तो निवडतो, आणि ज्या कसोटीवर निवडतो ती कसोटी त्याला पक्ष्यांकडून मिळालेली नसते.

येथे एक आक्षेप येईल. कॅथलिक परंपरा तर नैसर्गिक नीतिनियम मानते. मग निसर्ग आपला गुरू नाही असे कसे म्हणता? या शब्दाने पुष्कळ गोंधळ झाला आहे. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते नैसर्गिक नियम म्हणजे बुद्धिमान प्राण्याचा परमेश्वराच्या शाश्वत नियमातील सहभाग. जनावरे काय करतात याची ती यादी नव्हे. पक्ष्यांकडे त्यांचे लक्ष नव्हते असेही नाही. जेथे पिलांच्या संगोपनाला मादी एकटी पुरत नाही तेथे नर तिच्याजवळ राहतो, काही पक्ष्यांत असे दिसते, असे त्यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवले. आजचे शास्त्रही मुख्यत्वे हेच सांगते. चित्रबलाकाच्या पिलांना दोघांची गरज असते, म्हणून दोघे राहतात. पावसाळ्यात धान्य आणि किडे मुबलक असतात, घरटे सुरक्षित असते, सुगरणीची मादी बहुतांशी एकटी निभावून नेते, म्हणून नर मोकळा होतो. म्हणजे पक्ष्याची सोबत गरजेच्या मापाची असते. गरज आहे तोवर सोबत.

माणसाच्या संसारातही गरज असतेच. आपले मूल पंखात बळ यायला महिना नव्हे, वीस वर्षे घेते. पण माणसाचा विवाह गरजेवर थांबत नाही, कारण त्याचा आरंभ वचनाने होतो. वेदीसमोर उभे राहून वधूवर जे बोलतात त्यात आजाराचाही उल्लेख असतो, आणि तो आजार कोणता, कधी, किती वर्षांचा, हे दोघांपैकी कोणालाही ठाऊक नसते. सुगरणीची मादी घर पाहून होकार देते. आपण न पाहिलेल्या भविष्याला होकार देतो. उद्या आपली भावना बदलू शकते हे ठाऊक असताना उद्याबद्दल शब्द देणे, आणि तो आठवून पाळणे, हे भाषा, स्मृती आणि इच्छा असलेल्या प्राण्यालाच शक्य आहे. भाषा, स्मृती आणि इच्छा याही माणसाच्या निसर्गातच येतात. म्हणून वचन पाळणे हे निसर्गाविरुद्ध जाणे नव्हे. ते आपल्या निसर्गाप्रमाणे वागणे आहे. सुगरणीचा नर दुसरे घरटे बांधतो तेव्हा तो कोणाचा विश्वासघात करत नाही, कारण त्याने शब्द दिलेला नसतो. पापही त्याला नाही आणि पुण्यही नाही. ज्याने शब्द दिला आहे त्याला मात्र पाखराआड लपता येत नाही.

मग आपल्या पूर्वजांनी पक्ष्यांत जी पवित्र प्रतीके पाहिली ती सारी चुकीची होती काय? जुन्या चर्चमध्ये वेदीच्या नक्षीत पेलिकनचे चित्र आढळते. हा पेलिकन म्हणजे आपला झोळीवाला. तो चोचीने स्वतःची छाती फोडून रक्ताने पिलांना जगवतो, अशी प्राचीन समजूत होती. म्हणून तो क्रूसावरील ख्रिस्ताचे प्रतीक झाला. संत थॉमस यांनी ख्रिस्तशरीराच्या आपल्या स्तोत्रात प्रभूला पेलिकन म्हणून संबोधले. झोळीवाला हाही वसाहतीने वीण करणारा पक्षी आहे. तो छाती फोडत नाही. उलट अमेरिकेतील पांढरा पेलिकन बहुधा दोन अंडी घालतो, आणि थोरल्याच्या माराने धाकटे पिलू बहुतेक वेळा मरते.

संत ऑगस्टीन यांनी याबाबत फार पूर्वी सावधपणा दाखवला होता. स्तोत्रसंहितेतील १०२ व्या स्तोत्रात अरण्यातील पेलिकनचा उल्लेख येतो. त्यावर बोलताना, ही कथा खरी असेल किंवा खोटीही असेल, असे सांगून मगच त्यांनी ती ख्रिस्ताला लावली. कथेच्या खरेपणावर त्यांची श्रद्धा अवलंबून नव्हती. क्रूसावरील प्रेम माणसांनी आधी पाहिले होते, आणि त्या प्रेमाला चित्र हवे होते म्हणून ते पक्ष्याजवळ गेले. बहिणाबाईंनीही तेच केले. खोप्यात त्यांना दिसले ते शेतात राबून मुले वाढवणाऱ्या बाईचे कष्ट, आणि ते कष्ट खरेच होते; घरटे नराने विणले म्हणून त्या कवितेतले सत्य कमी होत नाही. प्रेम म्हणजे काय हे ज्याला आधी कळले आहे त्याने पाखरात त्याची खूण पाहावी. पाखरू पाहून प्रेमाची व्याख्या करू नये.

प्रभू येशूनेही आकाशातील पाखरांकडे पाहावयास सांगितले, त्याचे कारण आपण नीट वाचले पाहिजे. मत्तयच्या शुभवर्तमानात ते वचन चिंतेसंबंधी आहे. पाखरे पेरत नाहीत, कापणी करत नाहीत, तरी परमपिता त्यांचे पोषण करतो. म्हणून उद्याच्या काळजीने खचू नका, असा त्याचा आशय. पाखरांसारखे वागा असे प्रभूने तेथे सांगितले नाही. कसे वागावे हे सांगताना त्याने शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली, वाट पाहणाऱ्या बापाची गोष्ट सांगितली.

हा विचार घरात आणला तर काय बदलते? वडगाव शेरी असो, खडकी असो की कॅम्प, प्रत्येक धर्मग्रामात अशी घरे आहेत, जेथे मुले परदेशी गेली आहेत आणि अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या पत्नीला पती रोज भरवतो, किंवा पत्नी पतीला. पक्ष्यांच्या हिशेबात या सोबतीला कारण उरलेले नाही. पिले उडून गेली, हंगाम संपला. माणसाच्या हिशेबात मात्र दिलेला शब्द येथेच पुरा होत असतो. अशीही घरे आहेत, जेथे सर्वांत दुबळे मूल, ज्याला चालता किंवा बोलता येत नाही, त्याच्याभोवती साऱ्या घराचा दिवस फिरतो. त्याचा घास आधी, मग इतरांचा. बगळ्याच्या घरट्याची ही नेमकी उलट रीत. ती कोठल्याही झाडावर पाहायला मिळणार नाही. आणि ज्या घरातून नवरा निघून गेला आहे तेथील स्त्रीला 'पुरुषाची जातच अशी' असे सांगून जे समाधान आपण देतो, ते खोटे आहे. तिच्याशी दिलेला शब्द मोडला गेला आहे, हे तिला सरळपणे सांगणे आणि तिच्या पाठीशी उभे राहणे हे धर्मग्रामाचे काम आहे.

डॉ. सालीम अली यांचेही स्मरण येथे होते. तेहमिना १९३९ मध्ये निवर्तल्या. त्यानंतर १९८७ पर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षे ते जगले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. पुनर्विवाहात गैर काहीच नव्हते, आणि त्यांच्या मनातले हेतू आपण ठरवू नयेत. एवढे मात्र दिसते, की सुगरणीचे बहुपत्नीत्व ज्याने जगाला दाखवले त्याला स्वतःचे आयुष्य त्या घरट्यांवरून आखावेसे वाटले नाही. पक्ष्याला त्याने पक्षी म्हणून पाहिले.

तसे पाहणे हेही आपले कर्तव्यच आहे. पुण्यात मुळा-मुठेच्या काठी येरवड्याला सालीम अलींच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे, आणि त्याच पूर्व भागात नगर रस्त्यावर, १९५५ मध्ये कँडीहून आलेले आपले पेपल सेमिनरी. एका ठिकाणी पक्षी पाहतात, दुसऱ्या ठिकाणी परमेश्वराचा अभ्यास करतात; दोन्हींत वैर असण्याचे कारण नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मधील 'लाउदातो सी' या परिपत्रकात स्मरण करून दिले, की इतर जीवांना परमेश्वराच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे. ते केवळ आपल्या उपयोगासाठी नाहीत. आपल्या उपदेशाच्या उपयोगासाठीही नाहीत, असे त्याला जोडावेसे वाटते.

पावसाळ्यात सोसायटीच्या अंगणातील झाडावर बगळ्यांची वसाहत भरते, खाली उभ्या गाड्यांवर विष्ठा पडते, वास येतो, आणि फांद्या छाटण्याची मागणी होते. विणीच्या दिवसांत फांदी पडली की तिच्याबरोबर अंडी आणि पिले खाली येतात. झाडावर धाकट्या पिलाला वाचवणारे कोणी नसते, हे आपण पाहिले. बगळ्याकडून तशी अपेक्षाही करता येत नाही. अपेक्षा करता येते ती झाडाखाली राहणाऱ्यांकडून, कारण कर्तव्य कळते ते त्यांनाच. गाडी दोन-तीन महिने दुसरीकडे उभी करावी, छाटणी वीण संपेपर्यंत थांबवावी, आणि मुलांना गच्चीवर नेऊन ती घरटी दाखवावीत. मुले विचारतील, त्या लहान पिलाला कोणीच का भरवत नाही? तेव्हा खरे काय ते त्यांना सांगावे, आणि आपल्या घरात तसे का होत नाही तेही सांगावे.